भा. रा. भागवत, जूल व्हर्न आणि आमचा असीरगड

मंडळी, आजची पोस्ट जरा लांबलचक आहे. सवडीने वाचा. चहा घेऊन बसलात तर उत्तमच.

मागच्या डिसेंबरात नातीला घेऊन असीरगडावर गेलो होतो. नात अकरा वर्षांची, इंदूरला इंग्रजी शाळेत सहावीत शिकते. गाडी मुलगा चालवत होता. बऱ्हाणपुरातून खांडव्याच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या रांगेतून तो डोंगर एकदम पुढ्यात येतो. मी सवयीने म्हणालो, "हा बघ आपला किल्ला." नात म्हणाली, "आपला म्हणजे? आबा, इथे आपण राजे होतो?" मुलगा फस्सकन हसला. मी काही बोललो नाही. आमचं घराणं राजाचं नाही, सरदाराचंही नाही. आजोबा रेल्वेत होते. भुसावळकडून बदली होऊन बऱ्हाणपूरला आले आणि लालबागेत स्टेशनाजवळ बिऱ्हाड केलं, ते तिथेच राहिलं. माळव्या-निमाडातली मराठी घरं दोन तऱ्हेची, असं आमचे नाना म्हणायचे. एक शिंदे-होळकरांच्या घोड्यांबरोबर आलेली आणि दुसरी आगगाडीबरोबर आलेली. आम्ही दुसऱ्या तऱ्हेतले.

तरी पण किल्ला आपलाच. याला दख्खनचा दरवाजा म्हणत. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजेला सातपुड्यातून जी वाट होती, तिच्यावर हा पहारेकरी उभा. आसा नावाच्या अहिराचा हा किल्ला फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने डोल्यांत बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई बसवून घेतला, अशी कथा फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बऱ्हाणपूर शहर वसवलं ते याच नासिरखानाने. पुढे १६०० साली अकबराने किल्ल्याला वेढा घातला आणि १६०१ च्या जानेवारीत तो हाती आला. अकबराची ही शेवटची मोठी स्वारी. तोफांनी पडला नाही म्हणून सोन्याच्या किल्लीने उघडला, असं लोक म्हणतात. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो निजामाकडून पेशव्यांकडे आला आणि मग शिंद्यांकडे गेला. १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी घेतला, तेव्हा शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड होते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली ही अखेरची लढाई. त्या दिवशी मराठी राज्याची उत्तरेकडची शेवटची कडीही निघाली.

हे सगळं मी नातीला चढता चढता सांगत होतो. ती ऐकल्यासारखं करत होती. वरती गुप्तेश्वराच्या देवळात पोचलो तेव्हा मात्र तिचे कान टवकारले, कारण तिथे अश्वत्थाम्याची गोष्ट आली. रोज पहाटे अश्वत्थामा इथे येतो, महादेवाला फूल वाहून जातो, त्याला कुणी बघत नाही, पण पिंडीवर ताजं फूल असतं. माझ्या आजीने मला हे सांगितलं होतं आणि तिच्या कपाळावरची जखम, म्हणजे अश्वत्थाम्याच्या, ती भरत नाही म्हणून तो दारोदार तेल मागत फिरतो, हेही. मरता न येणारा माणूस. नात म्हणाली, "ही तर सायन्स फिक्शन आहे, आबा." मी म्हणालो, "ते राहू दे. तुला खरी गंमत सांगतो. हा किल्ला जूल व्हर्नच्या पुस्तकात आहे." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की म्हातारा आता थापा मारायला लागला.

थाप नाही. ऐंशी दिवसांत पृथ्वीची फेरी मारणाऱ्या फिलिअस फॉगची ती गोष्ट १८७२ साली पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः आली आणि दुसऱ्या वर्षी पुस्तक झालं. फॉगसाहेब मुंबईला बोटीतून उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला गाडी बऱ्हाणपूरला थांबते. त्याचा नोकर पासपार्तू तिथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या चपला विकत घेतो आणि मिरवत पायात घालतो. मंडळी घाईघाईने काहीतरी खातात आणि गाडी तापीच्या काठाकाठाने पुढे निघते, कुठे? तर 'असुरघुर'कडे. इंग्रजी भाषांतरात त्याचं स्पेलिंग असंच काहीतरी आहे. मी कॉलेजात असताना इंदूरच्या वाचनालयात हे पान वाचलं आणि दोन मिनिटं काही कळेचना. असुरघुर म्हणजे असीरगड! ज्या स्टेशनावर आजोबांची सारी नोकरी गेली, तिथे जूल व्हर्नची गाडी थांबली होती. तापीला त्याने लहानशी नदी म्हटलंय, तेवढं मात्र पटलं नाही. पावसाळ्यात राजघाटावर उभं राहून बघितली असती तर त्याने वाक्य बदललं असतं.

व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नाही. त्याने नकाशे आणि वर्णनं वाचून हे लिहिलं. पुढे त्याची गाडी रानात थांबते, कारण रूळ संपलेले असतात, आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला १८७० च्या मार्चमध्येच जोडला गेला होता. फॉगला हत्तीची काही गरज नव्हती. पण हत्ती नसता तर गोष्टही नसती. म्हणून एका फ्रेंच लेखकाने आमच्या भागातले दोन वर्षांपूर्वी टाकलेले रूळ कागदावर उखडून टाकले. कल्पनेच्या लेखकाला एवढी मुभा असतेच.

ही गंमत मला कळली, तिच्यामागे एक माणूस आहे. मी व्हर्न इंग्रजीत उघडला, कारण त्याआधी तो मराठीत वाचला होता. आणि मराठीत तो आणला भा. रा. भागवतांनी. आता तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, "अहो, भा. रा. म्हणजे फास्टर फेणे!" बरोबर. पण मला त्यांच्याबद्दल आणखी बोलायचंय, कारण ते आपले होते. आपले म्हणजे आपल्यासारखे, महाराष्ट्राबाहेरचे.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. होळकरांच्या राज्यातलं ते इंदूर. शाळा-कॉलेजही तिथेच. तेव्हाचं इंदूर म्हणजे मराठी मुलाला परमुलूख वाटावा असं गाव नव्हतं. १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन इंदूरला झालं, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. १९३५ मध्ये पुन्हा झालं, अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. म्हणजे भागवत सात वर्षांचे असताना एकदा आणि पंचविशीत असताना एकदा, मराठीतले मोठे लेखक त्यांच्या गावात येऊन गेले. घराबाहेर पडलं की हिंदी-माळवी आणि घरात मराठी, ही कसरत त्या काळच्या प्रत्येक इंदुरी मराठी मुलाने केलेली आहे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत रोज दहा वेळा ये-जा करणं, ही अनुवादकाची पहिली शाळा. आपल्याकडे ती फुकट मिळते, हे आपल्या लक्षात येत नाही, एवढंच.

पुढे ते मुंबईला गेले. १९४१-४२ च्या सुमारास आकाशवाणीवर नोकरी केली, मुंबईत आणि दिल्लीत. बेचाळीसची चळवळ सुरू झाली, तेव्हा नोकरी सोडली आणि चळवळीत पडले. नाशिकच्या तुरुंगात होते. जरा विचार करा, सरकारी रेडिओवरची बांधलेली नोकरी, त्या काळात! आमच्या आजोबांची रेल्वेची नोकरी घरात देवासारखी पुजली जायची. नोकरी सोडून तुरुंगात जाणारा माणूस आमच्या घरात वेडा ठरला असता.

सुटल्यावर पत्रकारिता केली, पण जीव रमला मुलांसाठी लिहिण्यात. स्वातंत्र्यानंतर 'बालमित्र' नावाचं मासिक काढून काही वर्षं चालवलं. मुलांचं मासिक चालवणं म्हणजे काय, ते ज्याने छापखान्याचं बिल भरलंय त्यालाच माहीत. पत्नी लीलाताई भागवत यासुद्धा मुलांसाठी लिहीत. घरातली दोन्ही माणसं लेखक, तीही मुलांची. स्वतःच्या नावावर कोटी करून त्यांनी एका पुस्तकाचं नाव ठेवलं 'भाराभर गवत'. भा. रा. भागवत, भाराभर गवत. ज्याला स्वतःची अशी थट्टा करता येते, तो मुलांना कधी उपदेश करत बसत नाही.

आणि मग त्यांनी व्हर्न मराठीत आणायला घेतला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. नुसती नावं मोठ्याने म्हणून बघा. मूळ पुस्तकात समुद्राखालच्या वीस हजार लीग आहेत. आपल्या मुलाला लीग म्हणजे काय कळणार? तो आकडा भागवतांनी बाजूला ठेवला आणि समुद्रातलं जे भय आहे त्यालाच नाव दिलं. पृथ्वीच्या पोटात जायचं, तर आपल्याकडे त्याला हजारो वर्षांचा शब्द आहे, पाताळ. चंद्रावर जायचं तर प्रवास, सफर असं काहीही म्हणता आलं असतं. त्यांनी म्हटलं 'स्वारी', आणि मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे घोडे उभे राहिले. आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' तर माझ्या मते मराठीतल्या अनुवादित पुस्तकांमधलं सगळ्यांत गोड नाव. मूळ गोष्ट अशी, की एक धूमकेतू पृथ्वीला घासून जाताना तिचा एक तुकडा माणसांसकट घेऊन जातो. आपल्याकडे पोस्टकार्डावर लिहितात तसं भागवतांनी त्या माणसांचा पत्ता लिहिला. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक. यांचा मुक्काम शेंडेनक्षत्र. धूमकेतू हा पुस्तकातला शब्द झाला, शेंडेनक्षत्र आजीच्या तोंडातला.

मी 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वाचली तेव्हा चौथी-पाचवीत असेन. त्यातली माणसं आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या तोंडातून आत उतरतात. माझी मात्र पक्की खात्री होती, की वाट पातालपानीला आहे. इंदूरला जाताना खांडव्याला गाडी बदलून मीटरगेजने जायचं, महूच्या अलीकडे पातालपानीचं स्टेशन यायचं, आणि तिथला धबधबा थेट पाताळात जातो असं सगळेच सांगायचे. मी खिडकीतून वाकून बघायचो आणि आई मागून चड्डी धरून ठेवायची. भागवतांनी आइसलँडच ठेवलं असेल, पण शब्द असे वापरले की पोराला आपल्या घाटात ते सापडावं. भाषांतर चांगलं झालं की नाही, याची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

बऱ्हाणपूरला ही कला नवी नाही, बरं का. शहरातल्या जामा मशिदीत १५९० च्या सुमाराचा फारुकी राजाचा शिलालेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे. ज्या अब्दुल रहीम खानखानाने इथे वर्षानुवर्षं सुभेदारी केली, त्याने बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत आणून १५८९ मध्ये अकबरापुढे ठेवली होती. त्याच्याच वेळी, १६१५ मध्ये, कुंडी भंडारा झाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. सातपुड्याच्या पायथ्याला झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणलेलं. वर ओळीने विहिरींसारखी तोंडं. वरून बघणाऱ्याला कळतही नाही की खाली पाणी वाहतंय. पाणी पिणाऱ्याला डोंगर दिसत नाही. भागवतांचं काम मला तसं वाटतं. आम्ही पाणी प्यायलो, व्हर्न नावाचा डोंगर पुष्कळ वर्षांनी पाहिला.

त्यांनी नुसते अनुवाद केले असं नाही. स्वतःच्या विज्ञानकल्पनाही लिहिल्या. 'उडती छबकडी' हे नावच बघा, उडत्या तबकडीची केलेली थट्टा. पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारला त्यांनी घडवलं, नंदू नवाथेला घडवलं, आणि अर्थात फुरसुंगीच्या बनेश फेणेला. काटकुळा, सायकलवर सुसाट सुटणारा, जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक' करणारा. १९७४ ते १९८९ या काळात त्याची वीस पुस्तकं आली. मग दूरदर्शनवर मालिका झाली, सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये चित्रपट आला, त्यात अमेय वाघ फेणे आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत. लेखकच आपल्या गोष्टीत पात्र होऊन आला.

आता मला जे सांगायचंय त्याच्यापाशी येतो.

मी लहानपणी सुट्टीत पुण्याला मावशीकडे जायचो. तिथली भावंडं माझ्या बोलण्याला हसायची. आमचं "काय करून राहिला", "मी येऊन राहिलोय", आमचं चुकीच्या ठिकाणी आलेलं 'ना', आमची हिंदी वळणाची वाक्यं. कुणी वाईट नव्हतं, मुलं हसतात तशी हसायची. पण मला ते लागलं. दहावीनंतर मी पुण्याला गेलो की बोलायचं टाळायला लागलो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, बायको उज्जैनच्या मराठी घरातली. मुलगा झाला तेव्हा आम्ही ठरवलं, म्हणजे खरं तर मीच ठरवलं, की घरात हिंदी बोलायची. शाळेत सोपं जाईल. मराठी आली तरी ती आपली अशी, धड ना इकडची धड ना तिकडची, मग कशाला? १९८८ मध्ये बऱ्हाणपूरचं घर आवरून इंदूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा नानांची पत्र्याची पेटी होती, पुस्तकांनी भरलेली. मी ती रद्दीवाल्याला किलोवर घातली. नाना तोवर गेले होते, म्हणून विचारायला कुणी नव्हतं. भाव काय मिळाला तेही आठवत नाही. नेपानगरचा कागद कारखाना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना, १९५६ मध्ये नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलेलं. कागदाच्या गावचा माणूस मी, आणि कागदाची किंमत मला कळली नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये भागवत गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी इंदूरला तिसऱ्यांदा साहित्य संमेलन झालं होतं, अध्यक्ष विजया राजाध्यक्ष. भागवतांच्या निधनाची बातमी मी इंदूरच्या घरात वाचली आणि तिच्यात एक वाक्य होतं, जन्म इंदूरचा. मी बातमी पुन्हा वाचली. तोपर्यंत मी त्यांना पुण्याचेच धरून चाललो होतो. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यातले रस्ते, त्या सायकली, ती भाषा, पुण्याच्या माणसाशिवाय कुणाला जमणार? मराठीतला सगळ्यांत पुणेरी पोरगा ज्याने लिहिला, तो माणूस आमच्या इंदूरच्या गल्ल्यांतून मोठा झाला होता. ज्या भाषेची मी लाज धरून गप्प झालो, त्याच मुलखातून तो निघाला होता आणि त्याने त्या भाषेत चंद्रावर स्वारी केली होती. माझा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला मराठी समजायची, वाचायला त्याने कधी घेतली नव्हती.

त्यानंतर मी थोडं शोधायला लागलो, आणि एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. मराठीत व्हर्नचा चांद्रप्रवास पहिल्यांदा आणला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, 'केरळकोकिळ' मासिकात. हे मासिक सुरू झालं कोचीनला! संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये, मूळचे कऱ्हाडकडचे. मल्याळी मुलखात बसून मराठी मासिक काढणारा माणूस. भागवत इंदूरचे. आणि ज्यांच्यामुळे मराठी विज्ञानकथेला घरोघरी मान मिळाला ते जयंत नारळीकर जन्मले कोल्हापूरला, पण वाढले बनारसला, वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात शिकवायचे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कोचीन, इंदूर, बनारस. मराठी माणसाला चंद्र-तारे दाखवणारे हे तिघे सीमेबाहेर राहिलेले किंवा वाढलेले. मला वाटतं, यात फार आश्चर्य नाही. घरात एक जग आणि दाराबाहेर दुसरं, हे ज्याला रोज दिसतं, त्याला तिसरं जग असू शकतं ही कल्पना करायला जड जात नाही. महाराष्ट्रातही या वाटेने मोठे लेखक झाले, त्यांना कमी लेखत नाही. पण आपण बाहेरचे म्हणजे मागे राहिलेले, असं जे आपण मनात धरून बसतो ना, ते खरं नाही, एवढंच म्हणतोय. दरवाजावर राहणारा माणूस घरातला असतोच, शिवाय बाहेरचं आधी त्याला दिसतं.

तर, असीरगडावरून उतरलो. रात्री लालबागेत आतेभावाकडे मुक्काम होता. जेवणं झाली, गावातून आणलेली मावा जिलेबी झाली. मी नातीला फोनवर व्हर्नचं ते इंग्रजी पान काढून दाखवलं. बुऱ्हामपूर, चपला, तापी, असुरघुर. ती उडालीच. "आबा, हे तर आज आपण पाहिलं ते!" मग मी पिशवीतून पुस्तक काढलं. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', कव्हर गेलेलं, पहिली चार पानं सुटलेली. नानांच्या पेटीतलं एवढं एकच वाचलं होतं, कारण ते ताईने तिच्या सासरी नेऊन ठेवलं होतं. गेल्या रक्षाबंधनाला तिने ते मला परत दिलं. काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तुझ्याकडे असू दे आता."

नातीने ते उघडलं. तिला देवनागरी येतेच, शाळेत हिंदी आहे. आपल्याकडच्या मुलांना मराठी वाचायला नवी लिपी शिकावी लागत नाही, हे मला तीस-पस्तीस वर्षांपूर्वी का सुचलं नाही? ती वाचायला लागली. "पाताल... आबा, हे अक्षर कुठलं?" ळ. मी सांगितलं, जीभ मागे वळव. तिने चार-पाचदा प्रयत्न केला, कधी ल आला, कधी ड आला, सगळे हसले. मग मुलगा, जो इतका वेळ मोबाइलमध्ये होता, त्याने पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "पापा, मुझे तो आपने कभी दी ही नहीं।"

रागाने म्हणाला असता तर काहीतरी उत्तर दिलं असतं. तो सहज म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी म्हणालो, "चुकलंच माझं." आणि हे मी त्याला मराठीत म्हणालो, त्याला कळलं.

आता रोज रात्री आठला नात मला फोनवर दीड-दोन पानं वाचून दाखवते. मी इथे ऐकतो, अडली तर शब्द सांगतो. परवा ती "खोल"ला "खोळ" म्हणाली, कारण आता तिला सगळीकडेच ळ लावावासा वाटतो. मी दुरुस्त करणार तोच मागून मुलाचा आवाज आला, "खोल. खोळ म्हणजे उशीची." बायको माझ्याकडे बघत राहिली. उशीची खोळ हा शब्द त्याने कधी ऐकला होता कुणास ठाऊक, बहुतेक माझ्या आईकडून, बऱ्हाणपूरच्या घरात. मी काही बोललो नाही. म्हटलं, वाचू देत पुढे.

सध्या गोष्टीतली मंडळी ज्वालामुखीत उतरताहेत. नातीने विचारलंय, पुढच्या सुट्टीत पातालपानीला जायचं का. जाणार.

मंडळी, तुमच्या माळ्यावर, पेटीत, आत्याच्या सासरी अशी कव्हर गेलेली पुस्तकं असतील तर रद्दीत घालू नका. भा. रां.चं कुठलं पुस्तक तुम्ही कुठल्या गावात, कुणाच्या घरी वाचलंत, ते खाली जरूर लिहा. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, सागर, जबलपूर, नागपूरकडच्यांनी तर लिहाच. आणि तुमच्याकडे 'मुक्काम शेंडेनक्षत्र' असेल तर मला सांगा. वाचून परत करीन, शब्द देतो. नातीला पुढचं तेच वाचायचंय.